सकाळी आठची हिरवी खूण

म्हाळसाबाईच्या नाकावर राग असतो असं वडगाव रासाईत सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. शेजारच्या रानातली शेळी हिच्या झेंडूत शिरली तर शेळीला कुणी हात लावत नाही, शेळीवाल्याच्या मात्र तीन पिढ्यांचा उद्धार होतो. फुलं तोडायला आलेल्या बायकांनी कळ्या ओरबाडल्या तर त्यांचीही तीच गत. वारा बरा असला तर हिचा आवाज भीमेपलीकडे दौंड तालुक्यातही ऐकू जातो, असं पोपटराव, म्हणजे तिचे मालक, चारचौघांत हसत सांगतात.

पण हीच बाई डॉक्टरपुढे, तलाठ्यापुढे, शाळेच्या मास्तरांपुढे तोंडातून अवाक्षर काढत नसे. काढू दिलं जात नसे म्हणा. तिथे तिच्या वतीनं पोपटराव बोलत. माणूस वाईट नाही, दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात टाकला नाही. पण शर्टपँट घातलेल्या कुणीही म्हाळसाबाईला काही विचारलं की उत्तर पोपटरावांच्या तोंडातून यायचं. भूक लागते का? लागती की. झोप येते का? घोरत्यात. पायाला मुंग्या येतात का? इथं पोपटराव जरा अडायचे, बायकोच्या पायांकडे बघायचे, आणि मग न्हाई म्हणून मोकळे व्हायचे. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललं होतं. आता ती सत्तावन्न वर्षांची आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरेना, तेव्हा साखर निघाली. पुण्याच्या एका संस्थेची गाडी दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी देवळासमोर उभी राहायची. तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. अट एकच होती, मोबाईलमध्ये संस्थेचं ॲप घ्यायचं. ते रोज ठरलेल्या वेळी वाजणार आणि औषध घेतलं का विचारणार. होय दाबलं की हिरवी खूण, नाही दाबलं की लाल. त्या खुणा पुण्याला कॉम्प्युटरवर दिसणार, आणि सलग आठवडाभर लाल आलं तर नाव फुकट गोळ्यांच्या यादीतून जाणार. गाडीबरोबर येणाऱ्या शितल नावाच्या मुलीनं हे सगळं फार चांगलं समजावून सांगितलं. समजावलं कुणाला, तर पोपटरावांना आणि मुलाला, सत्यजीतला. म्हाळसाबाई बाजूला सतरंजीवर टोचलेल्या बोटाला कापूस धरून बसली होती.

मग नंबर कुणाचा टाकायचा असा प्रश्न आला. पोपटरावांकडे बटणांचा फोन, म्हाळसाबाईकडे तोही नाही. मोठा फोन घरात एकच, सत्यजीतचा, आणि सत्यजीत रांजणगावच्या एका कंपनीत ऑपरेटर. सकाळी साडेसहाला कंपनीची बस त्याला फाट्यावरून उचलायची. टाकला त्याचाच नंबर. म्हणजे गोळी घ्यायची वडगावात आईनं, आणि ती घेतली का हे विचारायचं लांब रांजणगावात पोराच्या खिशाला. चार शहाण्या माणसांदेखत हे ठरलं आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हाळसाबाईला विचारायचं ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, ही त्या घराची रीतच होती. ॲपनं फक्त ती पुढे चालवली.

सत्यजीत कष्टाळू पोरगा, आईवर जीव असलेला. पण कंपनीत शिफ्ट सुरू झाली की मशीनला अडकवलेला एक तक्ता भरावा लागतो. तेल बघितलं का, पट्टा तपासला का, जाळी लावली का, अशी अठरा घरं. पहिला आठवडाभर तो एकेक वस्तू बघून भरत होता. मग जुन्या ऑपरेटरनं शहाणं केलं की वरून खाली एका दमात अठरा खुणा करून टाकायच्या, लाइन कुणासाठी थांबत नाही. तो त्या तक्त्यापाशी उभा असतानाच आठ वाजायचे आणि खिशात आईचं ॲप बोंबलायचं. उत्तर दिलं नाही तर दर दहा मिनिटांनी परत, आणि सुपरवायझर डोळे वटारायचा. अठरा खुणा झाल्या की एकोणिसावी तिथेच व्हायची. होय. हिरवी. आई गोळी घेत असणारच, न घ्यायला काय झालंय, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

आणि म्हाळसाबाई सकाळची गोळी घेत नव्हती.

सुरुवातीचे दहाबारा दिवस तिनं घेतली. पण झेंडू-शेवंतीची तोडणी उजाडल्याबरोबर सुरू होते. ऊन चढायच्या आत फुलं क्रेटात आणि साडेदहाच्या आत क्रेट टेम्पोत पडायला लागतात. टेम्पो गेला की मग भाकरी. या घरात आल्यापासून तिच्या पोटाला अकराची सवय. आठला गोळी आणि अकराला भाकरी, यात मधले तीन तास ती सरीत वाकलेली. दहाच्या सुमाराला तिचे हात थरथरायला लागत, अंगाला गार घाम सुटे, एका रोपाची दोन रोपं दिसत. दोनदा ती वरंब्यावर मटकन खाली बसली. कुणीतरी तोंडात गुळाचा खडा घातला तेव्हा डोळ्यांपुढचं जग जागेवर आलं.

ती शाळेत गेली नव्हती, पण तिला अडाणी म्हणणाऱ्यानं तिच्या रानात एक हंगाम काढून दाखवावा. कोणत्या फवाऱ्यानं करपा हटतो आणि कोणत्यानं कळीच जळून जाते हे ती वासावरून सांगते. ही आठची गोळी आपल्याला खाली पाडते, हे तिनं पंधरा दिवसांत ओळखलं आणि तोडणीच्या दिवशी ती घ्यायचं सोडून दिलं. रात्रीच्या गोळ्या मात्र जेवण झाल्याबरोबर न चुकता घ्यायची. तोडणी आठवड्याचे सहा दिवस असायची, आणि सातव्या दिवशीही भाकरी अकरालाच, म्हणून तेव्हाही ती गोळी नाहीच.

हे तिनं सांगितलं नाही असंही नाही. पुढच्याच बुधवारी गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी, एक तरुण, भलेपणानं बोलणारी आणि कायम घाईत असलेली मुलगी, गोळ्या वेळेवर घेता ना म्हणून विचारलं. म्हाळसाबाईनं तोंड उघडलं. सकाळची घेतली की, इथपर्यंत ती आली, आणि पोपटरावांनी पुढचं वाक्य उचललं. घेत्यात की, मोबाईलमधी समदं हाय, असं त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनाही बरं वाटलं. त्यांनी हातातला टॅब वळवून दाखवला. महिन्याच्या सगळ्या चौकटी हिरव्यागार होत्या.

म्हाळसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण हिरवं आणि लाल कळत होतं. रानात हिरवं म्हणजे बरं. तिला वाटलं, बोटातलं रक्त घेतात त्यावरून मशीनला आतलं दिसत असणार, आणि आतलं सगळं झ्याक आहे. म्हणजे सकाळची गोळी सोडली ते बरोबरच केलं. ती समाधानानं उठून घरी गेली. इकडे डॉक्टरीणबाईंसमोर दोन गोष्टी होत्या. गोळी रोज पोटात जाते आहे आणि साखर तरी दोनशे ऐंशी आहे. मग अर्थ एकच, गोळी पुरत नाही. त्यांनी सकाळची गोळी दुप्पट केली. काही महिन्यांनी परत सगळं हिरवं, परत साखर तेवढीच, परत दुप्पट.

राग येतो तो इथं. साखर उतरत नाही म्हटल्यावर एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकानं तरी त्या घरात जाऊन फडताळातला शेवयांचा डबा उघडायला हवा होता. न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांनी तो गच्च भरला होता. डबा उघडायला ॲप लागत नाही. पण गाडी देवळापर्यंतच यायची, आणि देवळापासून ते घर दोनशे पावलांवर होतं.

दिवाळी झाली, झेंडूचा एक प्लॉट मोडला, आणि म्हाळसाबाई आठ दिवसांसाठी लेकीकडे भांडगावला गेली. अनिता तिथं अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांचा खाऊ, पोरांचं वजन, पोरांच्या लशी, सगळं वेळच्या वेळी करायची हिला सवय. पहिल्याच सकाळी तिनं आईची पिशवी उपसली, कागद नीट वाचला आणि आठच्या ठोक्याला गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"ही न्हाई घेत मी," म्हाळसाबाई म्हणाली. "हिनं चक्कर येती."

अनितानं भावाला फोन लावला. सत्यजीतनं कंपनीतूनच मोबाईलच्या पडद्याचा फोटो पाठवला. सहा महिन्यांच्या चौकटी, एकही लाल नाही. अनितानं तो आईच्या डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली की रोज घेतेस, मग माझ्याच घरी कशी चक्कर येते.

म्हाळसाबाई नाही म्हणत होती, मोबाईल होय म्हणत होता, आणि पोटची पोरगी मोबाईलचं ऐकत होती. दुसरी कुणी असती तर तिची खैर नव्हती. पण लेकीचं घर, समोर जावई बसलेला, तिथं तमाशा नको म्हणून तिनं गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. अनिता पोह्यांची ताटली समोर ठेवायची, पण चाळीस वर्षांची अकराची सवय अशी एका सकाळीत जात नाही. ती चहाबरोबर अर्धं बिस्कीट खायची आणि ताटली झाकून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला अंगणात लसूण सोलता सोलता ती असंबद्ध बोलायला लागली. टेम्पो आला, क्रेट उचला, असं काहीतरी. मग बाजूला कलंडली आणि दातखीळ बसली. अनिताला वाटलं अंगावरून वारं गेलं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून हायवेवरच्या एका खाजगी दवाखान्यात नेईपर्यंत वीस मिनिटं गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी बोट टोचलं. साखर बत्तीस होती. अजून अर्ध्या तासानं आणली असती तर ही बाई परत उठली नसती, असं त्यांनी नंतर अनिताला तोंडावर सांगितलं. गोळी इतकी जोराची होती की सलाईनमधून साखर चढवली की ती परत खाली ओढायची. दोन दिवस हे असंच चाललं.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई उशीला टेकून बसली होती. हाताला सुई, सगळ्या गोळ्या बंद. पोपटराव स्टुलावर, आणि सत्यजीत अर्धी सुट्टी टाकून कंपनीच्या निळ्या शर्टातच आलेला, पायाशी उभा. डॉक्टर फेरीवर आले, गाडीवाल्यांचा कागद त्यांच्या हातात होता. एवढी गोळी किती दिवसांपासून चालू आहे, त्यांनी विचारलं. वरीस झालं, रोज, पोपटराव म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. रोज घेतली असती तर ह्या बाई वर्षापूर्वीच पडल्या असत्या, ते म्हणाले.

तेवढ्यात आठ वाजले आणि सत्यजीतच्या खिशात ॲप वाजलं. त्यानं फोन काढला. नजर डॉक्टरांकडे, कान डॉक्टरांकडे, आणि अंगठा आपोआप खाली गेला. होय. फोनमधून टाळ्यांचा बारीक आवाज आला. ॲप हिरवी खूण झाली की टाळ्या वाजवतं, माणसाला हुरूप यावा म्हणून.

म्हाळसाबाईनं तो अंगठा बघितला. तिची तळपायाची आग मस्तकाला गेली.

"काय दाबलंस?" तिनं विचारलं.

"ते तुझ्या औषधाचं, आई," सत्यजीत म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

"मी हितं पडले. गोळी बंद हाय. आन् तू कुणाला सांगितलंस, घेतली म्हणून?"

पोपटराव मध्ये पडले. हळू बोल, डॉक्टरसायेब हायत, असं त्यांनी सवयीनं सुरू केलं. बाकीचं त्यांच्या तोंडातच राहिलं.

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. "चाळीस वर्सं तुमीच बोललात. माझी भूक तुमी सांगितली, माझी झोप तुमी सांगितली. आता ह्यो माझं औषध बी मोबाईलमधी घेतोय. मराया तेवढं मला एकलीला ठेवलंय."

वॉर्डात सात खाटा होत्या, सगळ्यांच्या माना इकडे वळल्या. ती ओरडली नव्हती. बांधावर ओरडणारी बाई इथं साध्या आवाजात बोलली होती आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि तिलाच विचारलं, मावशी, सकाळी तुम्ही जेवता किती वाजता? पोपटरावांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले.

"अकराला," म्हाळसाबाई म्हणाली.

बस, एवढाच प्रश्न होता. दोन वर्षं रोज वाजणाऱ्या, टाळ्या पिटणाऱ्या त्या ॲपात तो एवढा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी जुनी गोळी कायमची बंद केली, दुसरी हलकी लिहून दिली आणि ती अकराच्या भाकरीबरोबर घ्यायला सांगितली. सत्यजीत दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून रडला. अनिता त्याची समजूत घालायला निघाली, तर आईनं तिला हात धरून थांबवलं. रडू दे म्हणाली.

घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सत्यजीतचा काच तडकलेला जुना फोन मागून घेतला आणि ॲप त्यात घालायला लावलं. शितलला फोन करून नंबर बदलून झाला. पण गोळी आणि वेळ बदलायची तर ते डॉक्टरीणबाईच करणार, आणि त्या दुसऱ्या बुधवारीच येणार. म्हणजे तोवर ॲप आठलाच वाजणार आणि बंद झालेल्या गोळीबद्दलच विचारणार. हिरवं म्हणजे होय आणि लाल म्हणजे नाही, एवढं सत्यजीतनं तिला शिकवलं. दुसरं काही शिकायचं तिलाही नव्हतं. कापडाच्या पिशवीत फोन घालून ती तो गळ्यात अडकवून रानात जाऊ लागली. आठला वाजला की सरीतच उभी राहायची, हाताचा चीक लुगड्याला पुसायची आणि लाल दाबायची. लाल दाबलं की टाळ्या वाजत नाहीत.

चौथ्या दिवशी सत्यजीतनं भीत भीत सुचवलं की गाडीच्या बुधवारपर्यंत हिरवंच दाबत राहू, नाहीतर यादीतून नाव जाईल आणि पुढच्या गोळ्या विकत घ्याव्या लागतील. तिनं फोनची पिशवी गळ्यात अडकवली आणि रानाची वाट धरली. त्यानं परत तो विषय काढला नाही.

सातव्या दिवशी, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या सकाळी, शेवंतीची तोडणी जोरात चालली होती, आणि गाडीचा बुधवार अजून आठवड्यावर होता. दोन सऱ्या सोडून पलीकडे पोपटराव होते. फोन वाजला तो ॲपचा नव्हता, शितलचा होता. पोरगी गोड बोलते. मावशी, तुमचं सलग सात दिवस लाल येतंय, तिनं काळजीनं सांगितलं. आमच्याकडे सगळ्यात चांगलं रेकॉर्ड तुमचंच होतं, असंही सांगितलं. असं लाल राहिलं तर नाव काढावं लागेल. म्हाळसाबाई सांगायला लागली की ती गोळी डॉक्टरनी बंद केली आहे, ती खाऊन मी मरता मरता वाचले, आणि जेवण अकराला असतं. पण शितलला पुढे अजून चाळीस फोन करायचे होते.

"मावशी, घरात कुणी शिकलेलं आहे का?" तिनं मध्येच विचारलं. "त्यांच्याकडे देता का फोन?"

फोनचा आवाज मोठा होता. पोपटराव सरी ओलांडून कधी आले ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांचा हात पुढे आला होता, तळवा वर, फोन घ्यायला. म्हाळसाबाईनं त्या हाताकडे बघितलं. मग कमरेवरची शेवंतीची भरलेली पाटी उचलून त्या हातात दिली. पाटी जड होती, त्यांना दुसराही हात लावावा लागला.

"शिकलेलं हाय की," ती फोनमध्ये म्हणाली. "त्यानंच दोन वर्सं तुझं समदं हिरवं केलं. गोळी माझ्या पोटात जाती, त्याच्या न्हाई. मला इचार."

पलीकडे शितलनं फोन बाजूला धरला असावा. कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलल्यासारखं वाटलं. म्हाळसाबाई सरीत तशीच उभी राहिली, फोन कानाला लावून. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.